तालुक्याला हरल्यावर उरलेलं वर्ष

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला येऊन पडला होता, मी सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला गेल्यावर वाचला. 'सर, हायस्कूलला लागले, तासिका तत्त्वावर आहे पण खेळाचं सगळं माझ्याकडंच दिलंय, आणि मंडळं पण. काय काय करू?' शाळेतल्या विज्ञान, वाङ्मय असल्या मंडळांबद्दलच्या त्या 'आणि मंडळं पण' ला मी एकटाच मोठ्यानं हसलो, शेजारचे आजोबा वळून बघायला लागले. बी.पी.एड. झालेल्या माणसाच्या गळ्यात शाळा काय काय घालते ते मला चांगलं माहितीये, परिपाठ तुझा, ऑफ तास तुझा, झेंडावंदनाला फक्की मारायची ती तू, पोरगं पडलं की दवाखाना तुझा, आणि कुणी साहेब येणार असले की लेझीम पथक पण तुझंच. फोनवर बोललो असतो पण फोनवर मी फार वाहवत जातो, काकू ओरडतात, म्हणून टाईपच करतोय, दोन दिवस लागलेत, चुका असतील तर समजून घे.

आधी एक हिशोब सांगतो, तो मला कळायला 10-12 वर्षं गेली, तुला पहिल्याच जूनमध्ये कळू दे. शाळा जूनच्या मध्याला भरते, पुढचे पंधरा दिवस ॲडमिशन, पुस्तकं आणि गणवेशात जातात, जुलैत पाऊस, आषाढीची दिंडी, आणि पोरांची नावं तुला पाठ होतायत न होतायत तोवर शालेय स्पर्धांचं परिपत्रक येऊन थडकतं. 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट, तालुका, मग जिल्हा, मग विभाग, आपला विभाग कोल्हापूर, मग राज्य, मग राष्ट्रीय. ऐकायला मोठी शिडी वाटते. पण सामने बाद पद्धतीचे. 16 टीम आल्या तर 15 मॅच होणार आणि 15 टीम हरून घरी जाणार, त्यातल्या 8 तर पहिल्याच मॅचला. म्हणजे निम्म्या शाळांचं खेळाचं अख्खं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरातल्या एका दुपारी, पाऊण तासात, बहुतेक वेळा चिखलात संपतं. आणि आपण शिक्षक लोक सगळं वर्ष त्या पाऊण तासाला टांगून ठेवतो. जिंकलेल्याचं बरं असतं, त्याला पुढची तारीख मिळते. हरलेल्याला कुणी तारीखच देत नाही. मला विचारशील तर तुझं काम एवढंच, हरलेल्या पोरांना पुढची तारीख द्यायची. खाली जे लांबडं लावलंय ते सगळं त्याच्यासाठीच.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. तू शाळेत यायच्या आधीची गोष्ट, मुलींची खो-खोची टीम बरी होती, तालुक्याला दुसऱ्या मॅचला आम्ही एका गुणानं गेलो. एका गुणानं! शेवटच्या मिनिटाला पळणारी पोरगी अगदी हातात आलेली, आणि आमची बसलेली पोरगी खो मिळायच्या आधीच उठली, फाऊल, तेवढ्यात ती निसटली. मी त्या पोरीवर सगळ्यांसमोर ओरडलो. येताना एस.टी.त कुणी कुणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सामानाच्या खोलीला कुलूप लावत होतो तर तीच पोरगी टीशर्ट-पँट घालून समोर उभी, 'सर, आज किती वाजता?' मी म्हणलं, 'आज काय? संपलं की आता.' 'मग परत कधी?' 'पुढच्या वर्षी.' बरं म्हणून गेली. पुढच्या वर्षी ती दहावीत, घरच्यांनी खेळ बंद केला. नंतर मला ती बाजारात दोन-तीनदा भेटली, वाकून नमस्कार करते, पोरंबाळं दाखवते, पण खेळाचा विषय ती काढत नाही आणि मी पण काढत नाही. ते कुलूप मी जूनलाच उघडलं, आत उंदरांनी व्हॉलीबॉलच्या नेटचं घरटं केलेलं.

तर आता हा ऑगस्ट. या वर्षी तू हरशील हे धरूनच चाल. अपशकून करत नाही, पण दीड महिन्यात टीम होत नसते, समोरची पोरं पाचवीपासून एकत्र खेळलेली असतात. फक्त कागदावर हरू नको, मैदानात जाऊन हर. ऑनलाइन नोंदणी शेवटच्या दिवसावर ठेवलीस तर त्या दिवशी साइट चालणार नाही हे लिहून घे. जन्मतारखा आत्ताच जनरल रजिस्टरवरनं काढून एका वहीत लिही, आधार कार्डाशी स्पेलिंगसकट जुळतात का बघ, नाव एकीकडं 'वैष्णवी' आणि दुसरीकडं 'वैश्नवी' असलं तरी कुणीतरी हरकत घ्यायला टपलेला असतोच. वयोगट 1 जानेवारी धरून पाडतात, म्हणजे जानेवारीतलं पोर आणि डिसेंबरातलं पोर एकाच गटात, आणि तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची. त्यामुळं निवड करताना डिसेंबरवालं पोर लगेच 'बारकं आहे' म्हणून काढू नको, त्याची तारीख बघ आधी. (माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जून आहे, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेला, माझा पण तोच. खरा कुठला म्हणून आईला विचारलं तर 'बेंदराच्या आदल्या दिवशी' एवढंच म्हणायची.) दाखल्यात खाडाखोड करून आणायची ऑफर येईल तुला, पालकच घेऊन येतील, स्पष्ट नाही म्हण. आणि कबड्डीला वजन बघतात, तर वजनात बसावं म्हणून आदल्या दिवशी पोराला उपाशी ठेवून मैदानाला चकरा मारायला लावणारे सर लोक मी बघितलेत. वाढत्या वयाचं पोर ते, मोठ्या गटात खेळव, हरू दे, पण जेवू दे.

पावसाचं काय करायचं हा तुझा पुढचा प्रश्न असणार. तुझी शाळा नदीकडची, तिथं ग्राउंडवर जुलैत पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो. पण खो-खो निम्मा बसून उठण्याचा खेळ आहे, ते शिकवायला व्हरांडा पुरतो. आठ पोरी ओळीनं एकीआड एक तोंडं करून बसव आणि नुसतं उठणं घे, पाठीवर हात पडल्यावर पहिलं पाऊल कुठल्या पायाचं पडतंय ते बघ, रोज वीस मिनिटं. मध्यरेषा ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत उलटं फिरायचं नाही, हे डोक्यात नाही, पायात बसायला लागतं आणि ते पाऊस असतानाच बसतं, कारण तेव्हा पोरांना पळायला मिळत नाही म्हणून ती ऐकतात तरी. कबड्डीवाल्यांसाठी गावातल्या तालमीच्या वस्तादांकडं जा. जाताना मोकळ्या हातानं जाऊ नको, नारळ घेऊन जा, आणि मॅडम आहे म्हणून दारातनं बोलू नको, पायातलं काढून आत जा, मातीला हात लाव. दुपारची तालीम मोकळीच असते. कुंडलचं कुस्त्यांचं मैदान ज्या तालुक्यात भरतं तिथला वस्ताद पोरांना जागा नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

आणि पूर. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 ची. तेव्हा खेळ काय, शाळांमध्ये माणसं राहायला होती. पाणी ओसरल्यावर ग्राउंडवर जो गाळ राहतो त्यात काचा, पत्रे, तारा काय वाट्टेल ते असतं, तशी वेळ आली तर सगळं ग्राउंड मोठ्या माणसांना घेऊन स्वतः चालून बघितल्याशिवाय एकाही पोराला अनवाणी पळवू नको. स्पर्धा पुढं जाते, तेवढं करतात ते लोक.

मॅचच्या दिवसाचं थोडक्यात. एस.टी.नं जा. पिशवीत पट्टी, बर्फाचा स्प्रे, ग्लुकोज असतंच, मुलींसाठी पॅड ठेव आणि ते आहेत हे आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेव, म्हणजे तिथं कुणाला येऊन कानात विचारायला लागणार नाही. (हे मला माझ्या नोकरीच्या पंधराव्या वर्षी एका सहावीतल्या पोरीच्या आईनं येऊन सुनावलं, तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, काय सांगायचं.) मैदानावर पोचलीस की आधी बाथरूम कुठं आहे ते बघ, मग ग्राउंड बघ.

हरल्यावर भाषण देऊ नको. मी दिलेली भाषणं एकाही पोराला आठवत नाहीत, मी विचारून बघितलंय. खायला घाल. केळी, भडंग, चहा, जे मिळेल ते. आणि घरी निघू नको! हे माझं सगळ्यात मोठं सांगणं. मी रागारागानं पहिल्या एस.टी.त बसवून आणायचो, केवढा मूर्खपणा, तालुक्यातली सगळ्यात चांगली टीम तिथंच अजून दोन मॅच खेळणार असते आणि आपण पोरांना ती न दाखवता घेऊन येतो. थांब, फायनल बघ, प्रत्येकीला एकेक खेळाडू वाटून दे, तू फक्त हिच्याकडं बघायचं, ही खांबाजवळ काय करते, दम लागल्यावर कुठं जाते, आणि येताना एस.टी.त प्रत्येकीनं सांगायचं. पहिली दोन गावं कुणी बोलणार नाही. तिसऱ्या गावापासून तुला गप्प बसवायला लागेल.

आणि उतरताना पुढची तारीख सांगायची. 'परवा, गुरुवारी, पाच वाजता.' बास.

आता ती गुरुवारची वेळ कशी ठरवायची तर आधी एस.टी.चं टाइमटेबल काढ. मुलींना पास फुकट आहे, अहिल्यादेवी होळकर योजनेतला, पण पास असून काय उपयोग शेवटची गाडी गेली तर. मुलीनं खेळ सोडला की आपण म्हणतो घरचे जुन्या विचाराचे, आणि निम्म्या वेळा कारण असतं की साडेसहाची गाडी चुकली तर पुढची साडेआठला आहे आणि फाट्यापासून वस्ती दीड किलोमीटर, उसातनं वाट. माझ्या पोरीला मी पाठवलं नसतं. म्हणून प्रॅक्टिस आठवड्यातनं दोनच दिवस, पण गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी संपलीच पाहिजे, एक दिवस सुद्धा उशीर नाही. आई लोकांना तुझ्या कोचिंगचं काही कळत नाही, त्यांना घड्याळ कळतं.

दिवाळीनंतर एक काम कर, ते मी नोकरीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत केलं आणि आधी का नाही केलं म्हणून अजून चुटपुट लागते. आजूबाजूच्या तीन शाळा धर ज्या तुझ्यासारख्याच पहिल्या-दुसऱ्या मॅचला गेल्या. चार टीम, साखळी सामने, एकूण मॅच 6, प्रत्येकीला 3 मॅच मिळतात, हरली तरी 3. दोन रविवारात होतं. ट्रॉफी नाही, पाहुणे नाहीत, सत्कार नाही, हार-तुऱ्यात तास जातो. आम्ही त्याला चेष्टेनं पडक्यांचा वर्ल्डकप म्हणायचो. बक्षीस म्हणजे जिंकणाऱ्या टीमनं आधी जेवायचं आणि हरणाऱ्यांनी वाढायचं, भात-आमटी, एखादा पालक द्राक्षवाला असला तर सीझनला एखादी पेटी. पोरांचा जो खेळ तालुक्याला दिसत नाही तो इथं दिसतो, कारण पहिली मॅच हरल्यावर दुसरी आहे हे माहिती असतं, हात मोकळे होतात. तीन वर्षांत त्या चार शाळांतल्या दोन जिल्ह्याला गेल्या. आमची त्यात नव्हती, हे पण सांगून टाकतो.

आता मंडळं. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना, स्काउट-गाइड, आर.एस.पी. (रस्ता सुरक्षा पथक), अजून एखादं असेल. तुला खोटं सांगत नाही, बहुतेक शाळांत मंडळ म्हणजे जुलैत फलकलेखन, एक पाहुणा, एक फोटो, आणि मार्चमध्ये अहवाल. तू एकटी सगळी मंडळं खरी चालवू शकणार नाहीस, अर्ध्या पगारात तर नाहीच नाही. फोटो सगळ्यांचे काढ, हेडसरांना लागतात, त्यांना वर दाखवायला लागतात, त्यांच्यावर चिडू नको. पण खरी दोनच चालव, आणि ती खेळाला जोडून घे. कशी ते सांगतो. वाङ्मय मंडळातल्या पोरांना कॉमेंट्री दे. वक्तृत्व स्पर्धेत तीच 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' करणारी पोरं, हातात माइक देऊन कबड्डीच्या कोर्टाशेजारी बसव, आणि मग बघ मराठी कशी बाहेर पडते, 'आला, आला, बोनस घेतला, पाय धरला, अरे सुटला गड्या!' सांगलीचीच माती ही, विष्णुदास भाव्यांनी 1843 ला इथंच पहिलं मराठी नाटक उभं केलं, आवाज असतोच पोरांत, पाठांतरानं दाबलेला असतो. विज्ञान मंडळाला स्टॉपवॉच दे, प्रत्येक पळणारी किती सेकंद टिकली, आठवड्यात किती वाढलं, आलेख काढा, भिंतीवर लावा. शाळेतल्या पोरांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठी इन्स्पायर अवॉर्ड असतं, त्याला आयडिया निवडली गेली तर 10 हजार मिळतात, आमच्या एका पोरानं खो-खोचा फाऊल ओळखणारी बसायची चटई केली होती, उठलं की लाइट लागायचा. निवडली गेली नाही. पण आम्ही ती चटई दोन वर्षं वापरली. हरित सेनेनं ग्राउंडच्या कडेनं लिंब लावायचे आणि पाणी घालायचं, एप्रिलमध्ये सावलीला त्यांनाच पहिला मान. आणि स्काउटच्या पोरांना प्रथमोपचार येतोच, त्यांना मैदानावर उभं करायचं.

यातनं काय होतं, ज्याला पळता येत नाही त्याला पण मैदानावर काम मिळतं. आणि इथं तुझं स्वतःचं एक जुनं सांगायचं राहिलंय माझं.

तू आठवीत असताना खो-खोला 12 जणींची यादी जायची आणि तू तेरावी होतीस. मी तुला म्हणलेलं, 'तुझा पोल डाइव्ह अजून कच्चा आहे, या वर्षी स्कोअरशीट लिही.' पोल डाइव्ह, म्हणजे खांब धरून मारायची झेप, कच्चा नव्हता, पोरी. बाराव्या पोरीच्या वडलांचा टेम्पो होता, ते आम्हाला फुकट न्यायचे-आणायचे, आणि शाळा प्रवासाला पैसे देत नव्हती. तेव्हा मला ते व्यवहारी वाटलं. उघड्या टेम्पोत 12 पोरी उभ्या घालून कऱ्हाड रोडनं नेलं मी, पावसात, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो. तू वर्षभर मांडी घालून शीट लिहिलीस, कुठली तुकडी किती टिकली, कोण कशी बाद झाली, आणि नववीत तू आलीस ती इतका खेळ समजून आलीस की मला वाटलं बघा माझा निर्णय किती बरोबर होता. इतकी वर्षं तेच समजत होतो. तुझा परवाचा मेसेज आल्यावर काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तिला सांगून टाका, तिच्यापुढं पण टेम्पो येणारच आहे की. म्हणून सांगितलं. टेम्पो येईल, संस्थेतल्या कुणाची तरी पुतणी येईल, टीशर्ट देणाऱ्याचा पोरगा येईल. त्याला काय करायचं ते तू ठरव, मला त्या परीक्षेत नापास झाल्याचाच अनुभव आहे.

डिसेंबरात गॅदरिंगच्या आधी वर्गावर्गाचे सामने असतात ते मात्र जीव ओतून घे. लोक त्याला टाइमपास समजतात. पण शाळेतल्या पाचशे पोरांपैकी फार तर पन्नास-साठ बाहेर खेळायला जाणार, बाकीच्यांच्या आयुष्यात स्पर्धा म्हणजे हीच. आठवीत एकदा बीडकडचा एक पोरगा आला, आईबाप ऊस तोडायला आलेले, फडाशेजारी कोपीत राहायचे. दिवाळीनंतर आला, उन्हाळ्यात गेला. तालुक्याच्या स्पर्धा तो यायच्या आधीच झालेल्या, पुढच्या स्पर्धा होणार तेव्हा तो इथं नसणार. चढाईला गेला की चार-चार गडी घेऊन यायचा, लोण चढवायचा एकटा. आठवी ब नं त्याच्या जिवावर दहावीला हरवलं. चार दिवस सगळी शाळा त्याला नावानं हाक मारत होती. पुढं कुठं गेला, काय झालं, काही माहिती नाही मला. वर्गावर्गाचे सामने त्या वर्षी 'वेळ नाही' म्हणून रद्द करायचं चाललं होतं, मी फार भांडलो नव्हतो, गणिताच्या मॅडम भांडल्या, त्यांच्यामुळं झाले.

जानेवारीत 15 तारखेला राज्य क्रीडा दिन असतो, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, तेव्हा तुला परिपाठात दहा मिनिटं मिळतील. सगळे 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं कुस्तीतलं ब्राँझ सांगतात. तू त्याच्या आधीचं सांग. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी, 1948 ला लंडनला सहावा आला होता, मॅटवर खेळायची सवय नव्हती, सगळी कुस्ती मातीतली. सहावा येऊन परत आला आणि परत चार वर्षं घासली. हेलसिंकीला जायला सुद्धा लोकांकडनं पैसे गोळा करायला लागले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून 7 हजार दिले म्हणून सांगतात. सहावा आलेल्या माणसासाठी घर गहाण!

मोठ्या खेळाडूंची नावं घेताना जरा सांभाळून घे पण. आपल्याकडं सारखं स्मृती मानधनाचं नाव निघतं, निघायलाच पाहिजे, सांगलीत वाढलेली पोरगी, 2025 चा वर्ल्डकप जिंकलेल्या टीमची उपकर्णधार. पण 'तू पण स्मृती होशील' असं पालकांना सांगून पोरगी मैदानावर आणलीस की दोन वर्षांनी ते हिशोब मागायला येतात. आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं उदाहरण तर मी बऱ्याच जणांना चुकीचं देताना ऐकलंय. 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला 55 किलोत सिल्व्हर, एकूण 248 किलो, एका किलोनं सोनं हुकलं, आणि कोपर दुखावलं असताना तिसरा प्रयत्न केला त्यानं. ते त्यानं केलं, मोठा माणूस, शेजारी डॉक्टर उभे. आपण तेराव्या वर्षाच्या पोराला 'बघ, तो दुखतंय तरी उचलत होता' म्हणायचं नाही. दुखलं की बाहेर, भांडण नाही. त्यापेक्षा आटपाडीकडच्या करगणीच्या सचिन खिलारीचं सांग, लहानपणीच्या अपघातात हात गेल्यासारखाच झालेला, 2024 ला पॅरिस पॅरालिम्पिकला गोळाफेकीत 16.32 मीटर टाकून सिल्व्हर. हे पोरांना कमी, तुला जास्त सांगतोय. तुझ्या शाळेत पण कुणाच्या तरी पायाला, हाताला काहीतरी असेल, पी.टी.च्या तासाला ते वर्गात दप्तरं राखत बसलेलं असेल. त्याला बाहेर काढ. गोळा नसला तर दगड दे, लाकडाचा ओंडका दे.

पैशाचं म्हणशील तर शाळा देत नाही, वर्गणी काढायची नाही, मग उरतात माजी विद्यार्थी. त्यांच्याकडं रोख मागू नको, वस्तू माग, आणि नक्की काय ते सांग, 'खेळाला मदत करा' म्हणलं की शंभर रुपये येतात, 'बारा जोड शूज, नंबर असे असे' म्हणलं की एकच माणूस बारा जोड देतो. दहावीच्या वाढीव गुणांचं पालक विचारतील, जास्तीत जास्त 25 आहेत, पण तालुक्याला नुसतं खेळून काही मिळत नाही, हे जूनलाच स्वच्छ सांग, गोलमाल बोलू नको. आणि जो खरंच वरपर्यंत गेला त्याचा प्रस्ताव वेळेत गेला का ते स्वतः बघ, क्लार्कच्या टेबलावर सर्टिफिकेट पडून राहिलेलं पोर मी बघितलंय.

फेब्रुवारीपासून दहावीची पोरं जातात, बोर्डाचं सेंटर असलं तर ग्राउंड पण जातं. मग मार्च-एप्रिलात शाळा सकाळची होते आणि सगळे शिक्षक दुपारी झोपतात. हाच तुझा खरा सीझन. सहावी-सातवीची पोरं घे, उन्हं उतरल्यावर पाचला बोलव, पुढच्या ऑगस्टची टीम इथं होते, जुलैत नाही. तेव्हा पाऊस नसतो, कुणी साहेब येत नसतात, आणि लिंबाखाली बसून पाणी पिताना पोरं घरातलं सगळं सांगतात, त्यातलं निम्मं ऐकायचं आणि निम्मं विसरायचं.

तू तासिकेवर आहेस, एप्रिल-मेचे पैसे मिळणार नाहीत, हे माहिती असून लिहितोय. नाही जमलं तर नाही जमलं, स्वतःच्या पोटाचं आधी बघ, एक दिवस आड कर.

बरं, कपाट आवरताना तुझ्या हातची एक स्कोअरशीट सापडली, त्याच वर्षीची, कडेला पेनानं फूल काढलंय. मागच्या बाजूला मी पोरींच्या शूजचे नंबर लिहून ठेवलेत, तेरा आहेत, बारा नाहीत. कुरिअर करतो, काकू भडंग पण देतायत त्यात. तुझ्याकडनं मला आता एवढंच कळव, तुमच्या फाट्यावरनं शेवटची एस.टी. किती वाजता आहे, आणि ती खरंच त्या वेळेला येते का. दोन दिवस उभं राहून बघ आणि मग सांग, बोर्डावरची वेळ नको.

तुझा,
सर